अर्डिथचे गुरुवार आणि व्हर्जिलचे हात

लेलँड ब्रोकमायर वारला तेव्हा त्याच्या मागे उरली एक बायको आणि त्रेसष्ट मोडकी रिव्हॉल्व्हरं. मूलबाळ नव्हतं. बायको म्हणजे अर्डिथ, माझी शेजारीण. रिव्हॉल्व्हरं कॉफीच्या डब्यांत आणि बुटांच्या खोक्यांत भरलेली होती, एक तर चक्क नाताळच्या लाल मोज्यात सापडलं. चाळीस वर्षं लेलँड मिझुरी राज्यभरचे लिलाव पालथे घालत होता आणि गंजलेलं, घोडा तुटलेलं, चाप लोंबकळणारं जे दिसेल ते उचलून आणत होता. सगळी अठराशे अठ्ठ्याण्णवच्या आधीची, म्हणजे इतकी म्हातारी की सरकारसुद्धा त्यांना हत्यार म्हणत नाही. "या हिवाळ्यात बसतो दुरुस्तीला," असं तो दर हिवाळ्यात म्हणायचा. बसायचाही, पण टीव्हीसमोर. गेलाही तिथेच, बेसबॉलचा सामना बघता बघता. त्याचा संघ हरत असला की तो एरवीही निपचितच पडलेला असायचा, त्यामुळे सामना संपेपर्यंत अर्डिथला काही कळलं नाही.

मी म्यूल क्रीकच्या पोस्टात एकोणतीस वर्षं खिडकीवर बसले. म्यूल क्रीक म्हणजे खेचराचा ओढा. ओढा कधीच आटला, खेचराचा स्वभाव मात्र सातशे माणसांत वाटून शिल्लक आहे. कुणाला कुठलं पार्सल येतं यावरून कुठल्या घरात काय शिजतंय ते मला वासाशिवाय कळायचं. लेलँड गेल्यावर चार महिन्यांनी अर्डिथच्या नावाने एक चिमुकलं पाकीट आलं. हलवलं की खुळखुळायचं. दागिने आलेत का, मी विचारलं.

"स्प्रिंगा," ती म्हणाली आणि सही करून निघून गेली.

झालं होतं असं की तिने सगळा ढीग विकून टाकायचं ठरवलं होतं. स्प्रिंगफील्डहून एक घेणारा आला. त्याने डबे हातात घेऊन बघितलेसुद्धा नाहीत. बुटाच्या टोकाने एकेक ढकलला आणि म्हणाला, भंगार आहे, वजनावर नेतो. अर्डिथला भंगार या शब्दाचं काही वाटलं नाही, बुटाचं वाटलं. ती गावातल्या डंगरीच्या कारखान्यात एकतीस वर्षं शिवणयंत्रं दुरुस्त करत होती. दोनशे यंत्रं, आणि त्यांच्यावर बसणाऱ्या दोनशे बायकांच्या शिव्या. कारखाना बंद पडून दहा वर्षं झाली होती, तरी जाम झालेलं यंत्र दिसलं की तिचे हात शिवशिवायचे. तिने त्या माणसाला दार दाखवलं, आणि त्याच दुपारी शिवणयंत्राचा पेचकस काढून इस्त्रीच्या टेबलावर पहिलं रिव्हॉल्व्हर उघडलं.

"अगं, सोपं आहे," ती मला नंतर सांगत होती. "शिवणयंत्रात सुई खाली गेली की त्याच क्षणी आकडा तिथे दोरा पकडायला हजर लागतो. उशीर झाला की टाका सुटला. यात घोडा मागे ओढला की सिलिंडर फिरून भोक बरोबर नळीसमोर येऊन थांबायला लागतं. केसभर मागे राहिलं की घोटाळा. तेच यंत्र आहे. फक्त शिवणयंत्र घेऊन कुणी बँक लुटली नाही."

कपडे धुवायच्या खोलीत तिने आपला कारखाना मांडला. वॉशिंग मशीन आणि ड्रायरच्या मधोमध इस्त्रीचं टेबल, त्याला घट्ट बसवलेला, वस्तू आवळून धरणारा छोटा व्हाइस, जुने दात घासायचे ब्रश, कानशी, आणि मोहरीच्या चटणीच्या रिकाम्या बरण्यांत तेल. त्या तेलात गंजलेली धुडं महिना महिना बुडून असायची. घाई कशाला, ती म्हणायची, गंज आणि नवरा दोन्ही ओढाताण करून सुटत नाहीत, भिजत ठेवावे लागतात. एक मात्र होतं. दुरुस्त केलेलं एकही रिव्हॉल्व्हर तिने कधी उडवलं नाही. मी विचारलं तर म्हणाली, एकतीस वर्षं मी यंत्रं दुरुस्त केली, म्हणून काय डंगरी घालून फिरले?

आता, गावात या कामाचा एक देव आधीपासून होता. व्हर्जिल टोलिव्हर, वय वर्षं त्र्याहत्तर, पशुखाद्याच्या गिरणीतून निवृत्त झालेला यंत्रकार आणि नऊ वर्षांपासून विधुर. त्याच्या घरामागच्या खोपटात शेगडी होती, शेगडीभोवती पाच निवृत्त म्हातारे होते आणि मधे व्हर्जिल असायचा. पंचक्रोशीत कुणाच्याही पणजोबाचं रिव्हॉल्व्हर अडकलं की ते त्याच्याकडे यायचं. तो हौसेखातर करायचा. पैसे घ्यायचा नाही, कौतुक घ्यायचा, आणि तेही आगाऊ.

अर्डिथचं नववं की दहावं रिव्हॉल्व्हर एका जागी अडलं, तेव्हा ती पिशवीत घालून त्याच्याकडे गेली. त्याने ते हातात घेतलंसुद्धा नाही.

"अर्डिथ, हे शिवणयंत्र नाही," तो पाचही जणांना ऐकू जाईल असं म्हणाला. "यात बॉबिन नसतो."

म्हातारे हसले. अर्डिथने रिव्हॉल्व्हर परत पिशवीत टाकलं आणि दारातून जाता जाता सांगितलं की चेन उघडी आहे. कुणाचीच नव्हती, पण सहाही जणांनी खाली पाहिलं.

त्यानंतर वर्षभर दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. चर्चमध्ये तो उजवीकडे बसायचा, ती डावीकडे. मग नोव्हेंबरातल्या एका गुरुवारी व्हर्जिल तिच्या मागच्या दारात उभा राहिला. हातात मासे न्यायची थंड पेटी. अर्डिथला वाटलं, समेटाचे मासे आणलेत. पेटी उघडली तर आत टॉवेलात गुंडाळलेलं एक छोटं खिशातलं रिव्हॉल्व्हर, आणि त्याच्या अंगावर बोटभर लांब, ताजा, चमकता ओरखडा. जनावरांच्या डॉक्टरच्या पणजोबाचं होतं ते.

"हे काय केलंस?"

"पेचकस घसरला."

"तुझा?"

व्हर्जिलने दोन्ही हात टेबलावर ठेवले आणि ती बघेपर्यंत तिथेच राहू दिले. हात थरथरत होते. गाडी चालवताना किंवा कुऱ्हाड धरताना फारसं जाणवायचं नाही, पण बारीक काही चिमटीत धरलं की थरथर वाढायची. वर्ष झालं होतं. शेगडीभोवतीच्या पाचांना त्याने थाप मारली होती की डोळ्यांचं ऑपरेशन व्हायचंय, म्हणून सध्या काम एकट्याने करतो, कुणी बघायचं नाही.

"डॉक्टर म्हणतो याने मरणार नाहीस," व्हर्जिल म्हणाला. "नुसते हलत राहणार."

"मग बरंच की."

"काय बरं? पन्नास वर्षं हे गाव माझ्या हातांबद्दल बोलतंय. हात गेले तर माझ्यात दुसरं आहे काय बघण्यासारखं? तोंड?"

"तोंड नाही," अर्डिथने मान्य केलं.

मग तिने अटी सांगितल्या. काम तिच्या घरी होईल. तो बाजूला बसेल, कशाला हात लावणार नाही, आणि पन्नास वर्षांत जे जे कळलं आणि कुणाला सांगितलं नाही ते सगळं सांगेल. तिच्या कॉफीला नावं ठेवणार नाही. लोक काम त्याचं म्हणोत, तिला फरक पडत नव्हता. "आणि आत्ता म्हण, रिव्हॉल्व्हरात बॉबिन असतो."

व्हर्जिलने खिडकीबाहेर बघितलं, छताकडे बघितलं, आणि म्हणाला.

दिवस ठरला गुरुवारचा. अर्डिथकडे गुरुवारी दुपारी एक ते चार व्हर्जिल असायचा आणि दालचिनीचा केक असायचा. ओरखडा कसा बुजवायचा आणि त्यावर निळसर काळा रंग कसा चढवायचा, ते त्याने तिला शिकवलं. दिव्याची काजळी लावून दोन भाग नक्की कुठे घासतात ते कसं बघायचं, शंभर वर्षांचा हट्टी स्क्रू आधी थोडा आवळून मग कसा सोडवायचा, हेही शिकवलं. ती चुकली की तो तोंड उघडायचा आणि तिने बघितलं की केक भरून बंद करायचा. तिला एवढं माहीत असेल असं वाटलं नव्हतं, हे त्याने दोनदा कबूल केलं. त्याला एवढं नीट शिकवता येईल असं तिलाही वाटलं नव्हतं. ते तिने मला सांगितलं, त्याला नाही.

अडचण एकच होती. त्या खोलीची खिडकी समोरच्या ग्लेंडा फाउट्सच्या स्वयंपाकघरासमोर येते. ग्लेंडा आमच्या चर्चच्या प्रार्थनायादीची प्रमुख. यादीत कुणाचं नाव कशासाठी घालायचं ते ती ठरवते, त्यामुळे गावातली प्रत्येक भानगड तिला देवाच्या आधी कळते. तिने काय पाहिलं? व्हर्जिलचा ट्रक पुढे न थांबता घराच्या मागे जाऊन उभा राहतो. पडदे ओढले जातात. कानशीचा आवाज बाहेर जाऊ नये म्हणून ही दोघं रिकामा ड्रायर चालू ठेवत, आणि तो ड्रायर इतका जुना की त्याचा एक पाय आपटायचा. तेव्हा ग्लेंडाच्या साक्षीनुसार पडदे बंद होतात आणि मग तीन तास घर हलतं.

जानेवारीत प्रार्थनायादीत अर्डिथचं नाव आलं. कारणाच्या जागी लिहिलं होतं, "देव जाणतो."

बायका तिच्याशी जरा जास्तच गोड बोलायला लागल्या. व्हर्जिलला कुणी काही म्हटलं नाही, कारण असल्या गोष्टी त्या माणसाला सोडून सगळ्यांना सांगायच्या असतात. शेगडीभोवतीचे म्हातारे मात्र येता जाता त्याच्या पाठीवर थाप मारायला लागले. त्याला वाटलं, कामाचं कौतुक आहे. ते म्हणायचे, या वयात हे जमतं म्हणजे कमाल आहे. तो म्हणायचा, सराव लागतो.

मी अर्डिथला एकदा विचारलं की खरं सांगून का टाकत नाहीस. तिने खांदे उडवले. खरं तिचं नव्हतं, व्हर्जिलचं होतं, आणि त्याने ते पेटीत झाकून आणलं होतं.

मार्चमध्ये पाद्री आला. ट्रेंट त्याचं नाव, वय एकोणतीस, लग्नाला दीड वर्ष झालेलं. अर्डिथने घाईघाईत इस्त्रीच्या टेबलावर चादर टाकली आणि त्याला धुण्याच्या खोलीतच बसवावं लागलं, कारण पुढच्या खोलीत मी तिच्या सोफ्याची खोळ उसवून बसले होते. मधलं दार उघडंच होतं. खुर्चीवरच्या उशीखाली सहा भोकांचं सिलिंडर ठेवलंय, हे तो बसल्यावर तिच्या लक्षात आलं. ट्रेंटच्याही लगेच लक्षात आलं, पण त्याचे संस्कार चांगले. तो बोलला नाही, नुसता एका बाजूला कलला.

त्याने आयुष्याच्या संध्याकाळबद्दल बरंच सांगितलं. सोबतीची गरज देवाला कळते, पण सोबतीचंही एक विधिवत रूप असतं, वगैरे. मग दुसऱ्या बाजूला कलून त्याने विचारलं, "अर्डिथ, तुम्हाला माझ्याशी काही बोलावंसं वाटतं का? गुरुवारबद्दल?"

"काय बोलू? व्हर्जिल येतो," ती म्हणाली. "एकाला येतो, चारला जातो. मी एकाहत्तर वर्षांची आहे, पास्टर. आमच्या वयात वेळ लागतो."

पाद्री कानापर्यंत लाल झाला. त्याने प्रार्थना केली, छोटीच, आणि उठला. पँटवर मागे तेलाचे सहा गोल उमटले होते. ते घेऊन तो सरळ ग्लेंडाच्या दारावरून चालत गेला. त्या गोलांचा अर्थ लावायला गावाला आठवडा लागला, आणि जो लागला तो मी इथे लिहू शकत नाही.

मे महिन्यात माजी सैनिकांच्या सभागृहात जुन्या शस्त्रांचं प्रदर्शन भरतं. टेबलं मांडतात, हॅमची सँडविचं असतात, आणि सगळ्यात चांगल्या दुरुस्तीला निळी फीत मिळते. त्या वर्षीचा परीक्षक सेडालियाहून आलेला, मिशांना मेण लावणारा. त्याने जनावरांच्या डॉक्टरचं रिव्हॉल्व्हर उचललं, रिकामं आहे ना ते पाहिलं, घोडा सावकाश मागे ओढला, सोडला, परत ओढला, आणि मग बाकी टेबलांकडे ढुंकून बघितलं नाही. ओरखडा कुठे होता हे अर्डिथ आणि व्हर्जिल सोडून कुणी दाखवू शकलं नसतं. परीक्षकाने व्हर्जिलला पुढे बोलावलं, फीत दिली आणि माइकवर विचारलं, "चौऱ्याहत्तराव्या वर्षी असा हात? टोलिव्हर, तुम्ही खाता तरी काय?"

"गुरुवारी कुठे खातो ते विचारा," ग्लेंडा म्हणाली. हळू म्हणाली, पण ग्लेंडाचं हळू मागच्या भिंतीपर्यंत जातं.

सभागृह हसलं. व्हर्जिलही हसला. मग त्याला दिसलं की लोक त्याच्याकडे बघून हसत नाहीयेत, स्वयंपाकघराच्या खिडकीकडे बघून हसताहेत. तिथे अर्डिथ ॲप्रन बांधून कागदी ताटांत बटाट्याचं सॅलड वाढत होती, आणि तिची नजर ताटावरून हलली नव्हती. व्हर्जिलने शेजारच्याला काय झालं म्हणून विचारलं. तो शेगडीवाल्यांपैकीच एक. त्याने कानात सांगितलं. मी तिसऱ्या रांगेत होते. व्हर्जिलचा चेहरा मला दिसत होता. आधी त्याला कळलं नाही, मग एकदम सहा महिन्यांचं सगळं कळलं, प्रत्येक थापेसकट.

तो माइकपाशी गेला आणि त्याने फीत धरलेला हात वर केला. फीत वाऱ्यात असल्यासारखी फडफडत होती, आणि सभागृहात वारा नव्हता.

"हे बघा," तो म्हणाला. "हा डोळ्यांचा प्रॉब्लेम नाही. नोव्हेंबरपासून मी एका स्क्रूला हात लावलेला नाही. माझ्या नावावरचं प्रत्येक काम अर्डिथ ब्रोकमायरने केलंय, इस्त्रीच्या टेबलावर. मी शेजारी बसून केक खातो. बाकी काही होत नाही तिथे."

मग मागून कुणीतरी टाळी वाजवली आणि म्हणालं, शाब्बास, मर्दासारखा बोललास. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. त्यांना वाटलं, गडी बाईची अब्रू वाचवायला खोटं बोलतोय. हात तर काय, कुणीही हलवून दाखवेल. पाद्री ट्रेंटने डोळे पुसले. व्हर्जिल माइकमध्ये ओरडत राहिला की खरं सांगतोय, आणि जितका ओरडला तितकं त्याचं प्रेम लोकांना पटत गेलं.

शेवटी अर्डिथ बाहेर आली. तिने ॲप्रनला मेयोनेझ पुसलं, परीक्षकाच्या हातातून रिव्हॉल्व्हर घेतलं आणि खिशातून पेचकस काढला. एक कागदी ताट पुढे ओढून तिने त्यात एकेक भाग सुटा केला. मूठ, स्प्रिंगा, घोडा, चाप, सिलिंडर, आणि बाजरीच्या दाण्याएवढे स्क्रू. बोलत होती ती फक्त व्हर्जिलशी.

"सॅलड गरम होतंय माझं. कुणी सांगितलं होतं तुला तोंड उघडायला?"

"मला सांगितलं का नाहीस? सहा महिने हे लोक तुझ्याबद्दल असं बोलताहेत."

"तुझे हात कळले असते तर तुझी कीव केली असती सगळ्यांनी. माझी कुणी कीव नाही केली. जळत होत्या मेल्या."

ग्लेंडा पुढच्याच रांगेत होती. ती काही बोलली नाही, आणि असं याआधी कधी घडल्याचं मला तरी आठवत नाही. अर्डिथने सगळं परत जोडलं, एकाही स्क्रूच्या खाचेला चरा न पाडता, आणि रिव्हॉल्व्हर परीक्षकासमोर धरलं. त्याने घोडा ओढला. मग मिशीवरून बोट फिरवलं, व्हर्जिलच्या हातातली फीत काढली आणि ती मेयोनेझच्या ॲप्रनला टोचली.

त्यानंतर रिव्हॉल्व्हरं सरळ अर्डिथकडे यायला लागली, आणि मागोमाग शेगडीभोवतीचे पाच म्हातारेही. तिला माणसांची गर्दी खपत नाही. तिने नियम केला की बूट बाहेर, आणि बसायचं असेल तर वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालायच्या. त्या खोलीत मी मोजे घातलेले पाच म्हातारे टॉवेलांच्या घड्या घालताना पाहिलेत, आणि घड्या कशा घालाव्यात यावर दोघांचं महिनाभर भांडण चाललेलंही पाहिलंय. ग्लेंडाचं म्हणणं आजही असं आहे की दोन्ही गोष्टी खऱ्या असू शकतात. अर्डिथने ते कधी खोडून काढलं नाही. मीही विचारलं नाही. शेजारधर्माला काही मर्यादा असतात.

व्हर्जिलचे हात बिघडतच गेले. आधी कप गेला, मग चमचा. शर्टाची बटणं लागेनाशी झाली तेव्हा अर्डिथने एक शब्द न बोलता त्याचे सगळे शर्ट घरी नेले, बटणं कापली आणि कारखान्यातून उरलेली डंगरीची पितळी टिचबटणं बसवून दिली. नुसतं दाबलं की टक्कन लागायची. रविवारी चर्चमध्ये तो मोटार मेकॅनिकसारखा दिसायचा आणि त्याला त्याचा अभिमान होता. गेल्या हिवाळ्यात तो घरात पडला. मग त्याची मुलगी त्याला टल्साला, आपल्या घरी घेऊन गेली. जाताना त्याने आपल्या कानशी अर्डिथला दिल्या, सांभाळून, गुंडाळून. तिने विचारलं, या बोथट आहेत म्हणून देतोस का. तो म्हणाला, हो. नव्हत्या.

परवा सकाळी मी तिच्याकडे रताळी द्यायला गेले. फोन इस्त्रीच्या टेबलावर स्पीकरवर लावलेला होता, आणि अर्डिथ त्याच्याजवळ एक रिकामं लांब नळीचं रिव्हॉल्व्हर धरून घोडा अगदी सावकाश मागे ओढत होती. टक, टक, खट. मग पुढचं भोक.

"पुन्हा," टल्साहून आवाज आला.

तिने पुन्हा ओढला.

"पाचवं आळशी आहे. घासू नकोस. आधी धू."

"धुतलंय."

"मग परत धू. तू घाईने धुतेस."

अर्डिथने फोनकडे बघून तोंड वाकडं केलं, शंभर मैलांवरून ते त्याला दिसणार नव्हतं, आणि दात घासायचा ब्रश उचलला. मी रताळी वॉशिंग मशीनवर ठेवून निघाले. दारात पोचले तेव्हा ती दोघं सहाव्यावर भांडायला लागली होती.